सातपुड्याची होळी आणि युरोपातील जाळ

होळी फक्त आपल्याच देशात पेटते, अशी पुष्कळांची समजूत असते. स्कॉटिश अभ्यासक जेम्स फ्रेझर यांचा ‘द गोल्डन बाऊ’ हा ग्रंथ १८९० साली प्रथम निघाला आणि पुढे वाढत गेला. त्यात युरोपातील अशा जाळांची जंत्रीच आहे. स्कॉटलंड-आयर्लंडात मे महिन्याच्या आरंभी ‘बेल्टेन’चे दोन जाळ करीत व रोगराई टळावी म्हणून त्यांमधून गुरे हाकीत. जर्मनीत ३० एप्रिलच्या रात्री चेटकिणींना पळविण्यासाठी जाळ करीत. त्याच देशातील आयफेल डोंगरात तर पोरे घरोघर गवत-काटक्या मागत, उंच सरळसोट झाडाभोवती रचून पेटवीत आणि पलिते घेऊन त्याला फेऱ्या घालीत. धूर शेताकडे गेला की पीक चांगले!

हे वाचताना आपल्या जिल्ह्यातील माणसाला अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही मधोमध उंच बांबू असतो. खड्डा हत्यार न लावता खणतात. होळी पेटते पहाटे. तोवर रात्रभर ढोल आणि नाच. बुध्या, बावा झालेले लोक अंगावर नक्षी काढतात, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे व घुंगरू बांधतात. हे नुसते सोंग नव्हे. ते व्रत असते, आणि त्या दिवसांत जमिनीवर झोपावे लागते.

जाळ कशासाठी? मानहार्ट म्हणतात, सूर्याला बळ मिळावे म्हणून. वेस्टरमार्क म्हणतात, अनिष्ट जाळण्यासाठी. फ्रेझर आधी पहिल्या मताचे होते, पुढे दुसऱ्याकडे झुकले. मला वाटते, बर्फाच्या देशात पहिले मत शोभेल; फाल्गुनात आपल्याकडे सूर्याला बळ द्यावे असे कोणाला वाटेल?

फ्रेझर अशा चालींना रानटी काळाचे अवशेष समजतात. हे मात्र पटत नाही. सातपुड्यातील सगळ्या गावांची होळी एकाच दिवशी नसते, त्यामुळे एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या होळीला जाऊ शकतात. त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतात. आमच्या घरची माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात. दिवाळी एक वेळ फडातच निघते, पण होळीला मुकादमाची उचल फिटलेली असो वा नसो, ती गावी येतातच.