विकृत पॅकेट : दोष कोणाचा ?

एखाद्या कचेरींतील सर्व्हर अडखळूं लागला आणि त्याच्या नोंदवहींत विकृत पॅकेटें टाकून दिल्याच्या ओळी उमटूं लागल्या, म्हणजे देखरेख करणारा मनुष्य बहुधा पाठविणाऱ्यास दोष देतो. हा न्याय घाईचा कसा होतो, तें आज पाहूं.

नेटवर्कवरून मजकूर अखंड जात नाहीं. त्याचे तुकडे करून पाठवितात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॅकेट. त्यावर दोघांचे पत्ते, लांबी आणि तपासणीचा आकडा, म्हणजे चेकसम, असतो. लांबी अथवा आकडा जुळला नाहीं, कीं पॅकेट विकृत ठरतें.

ही तपासणी एकच नसते. ईथरनेटची ३२ बिटांची तपासणी केवळ एका टप्प्यापुरती असते. वाटेंतील प्रत्येक राउटर जुनें वेष्टन काढून नवें चढवितो. त्याच्याच मेमरींत एखादा बिट उलटला, तर बिघडलेल्या मजकुरावर बिनचूक मोहोर बसते ! टीसीपीचा १६ बिटांचा आकडा मात्र सामान्यतः शेवटच्या मुक्कामापर्यंत सोबत करतो. जोनाथन स्टोन व क्रेग पार्ट्रिज ह्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, दर १,१०० ते ३२,००० पॅकेटांमागें एक पॅकेट ह्या दुसऱ्या तपासणींत नापास झालेलें आढळलें. पण हा आकडा म्हणजे एक प्रकारची बेरीजच. सत्तावीस व त्रेसष्ट ह्यांची जागा बदलली तरी बेरीज नव्वदच राहते. तद्वत् कांहीं चुका तिच्याहि नजरेंतून निसटतात.

मग शोध कसा करावा ? प्रथम नेटवर्क कार्डाचे व स्विचचे मोजणीचे आकडे पाहावे. ईथरनेटच्या चुका वाढत असतील, तर आधीं केबल, तिचें टोक व पोर्ट बदलून पाहावें. त्या चुका नसून टीसीपीच्या वाढत असतील, तर संशय वाटेंतील यंत्रांवर, कार्डावर किंवा मेमरीवर घ्यावा. नंतर तेंच पॅकेट दोन्ही टोकांस टिपून ताडून पाहावें. येथें एक सावधगिरी हवी. पुष्कळ सर्व्हरांत चेकसम भरण्याचें काम कार्डाकडे सोंपविलेलें असतें. म्हणून पाठविणाऱ्या सर्व्हरवरच पॅकेट टिपलें, तर आकडा अद्याप भरलेला नसल्यानें तें चुकीचें दिसतें. वस्तुतः तारेवर तें निर्दोष जातें. अशा वेळीं दोष पॅकेटाचा नसून पाहण्याच्या जागेचा असतो.

एवढ्या बारीक चुकीची किंमत मोठी असूं शकते. २० जुलै २००८ रोजीं ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा कित्येक तास बंद पडली. सर्व्हर एकमेकांस आपल्या स्थितीची वार्ता देत, त्यांतील मूठभर संदेशांत एकेक बिट बिघडला होता. संदेश वाचतां येत होते, परंतु वार्ता खोटी होती, आणि ती सर्वत्र पसरली. ग्राहकांच्या मजकुरास तपासणी होती. ह्या घरगुती संदेशांस ती नव्हती.

तात्पर्य, प्रत्येक पहारेकरी आपल्याच वेशीपुरता जबाबदार असतो. ज्याला मजकूर खरा हवा, त्यानें तो निघाला तेथें मोजावा आणि पोंचला तेथें पुन्हां मोजावा. दोन्ही मापें हातीं येईपर्यंत कोणासहि अपराधी ठरवूं नये.