साखरपुड्याची अंगठी: किती पैसे बोटात राहतात, किती दुकानात?



तुळशीचं लग्न लागलं की साखरपुड्यांच्या तारखा निघायला लागतात आणि गटाच्या बैठकीत कर्जाची मागणीही वाढते. मंडप, जेवण, साड्या हे खर्च आपल्याला तोंडपाठ आहेत. पण अलीकडे यादीत एक नवी ओळ दिसते: हिऱ्याची अंगठी. मग आपण तालुक्याच्या गावी जातो. दुकानातल्या दिव्यांखाली सगळंच चमकतं आणि चिठ्ठीवर एकच आकडा लिहून मिळतो. तो आकडा कशाकशाचा बनलाय हे कळलं, तर कमी पैशातही चांगली अंगठी घेता येते.

आधी एक सांगते. साखरपुड्याला हिराच हवा असा आपला जुना रिवाज नाही. नावातच साखरेचा पुडा आहे. लग्न ठरलं म्हणजे हिरा, ही कल्पना 1940च्या दशकात डी बिअर्स या हिऱ्याच्या कंपनीने अमेरिकेत जाहिराती करून रुजवली. तिथून ती सिनेमा-टीव्हीतून आपल्यापर्यंत आली. म्हणजे हिरा घेऊच नये असं नाही. मुलांची हौस असते, आपलीही असते. पण हौस आणि बचत हे दोन वेगळे खाने आहेत, ते एकत्र करू नका.

किमतीचे पाच तुकडे

अंगठीच्या किमतीत सोनं, घडणावळ (मजुरी), हिरा, हॉलमार्कचा खर्च आणि जीएसटी एवढ्या गोष्टी असतात. हिशेबासाठी आकडे धरू. खरा भाव त्या दिवशी विचारायचा.

समजा 18 कॅरेट सोन्याचा भाव ग्रॅमला 7,500 रुपये आहे आणि अंगठीत 2.4 ग्रॅम सोनं आहे.

- सोनं: 18,000
- घडणावळ: 3,000
- हिरा: 7,000
- यावर 3 टक्के जीएसटी: 840
- हॉलमार्कचा खर्च (एका नगाला 45 रुपये आणि त्यावर कर): 53
- एकूण: 28,893 रुपये

आता समजा दोन वर्षांनी घरात आजारपण आलं आणि ही अंगठी गहाण ठेवायला नेली. सोनेतारण कर्ज फक्त सोन्याच्या वजनावर मिळतं. खड्याचं वजन वजा करतात, हिऱ्याची किंमत धरत नाहीत. घडणावळ आणि जीएसटी तर खरेदीच्या दिवशीच गेले. म्हणजे 28,893 पैकी 18,000चं सोनंच हिशेबात येणार, आणि कर्ज त्याच्याही एका भागाइतकंच मिळणार.

यातले 24,000 गटाकडून महिना 2 टक्के व्याजाने 12 हप्त्यांवर घेतले असतील, तर मुद्दल दरमहा 2,000 आणि वर्षाचं व्याज 3,120 रुपये होतं. ते मिळवलं की अंगठी पडली 32,013 रुपयांना. म्हणून पैसे मोजण्याआधी घरात बसून ठरवा: अंगठी फक्त घालायला हवी, की अडीअडचणीला उपयोगीही पडायला हवी? उपयोगी पडायला हवी असेल, तर बजेटचा मोठा भाग सोन्यात घाला आणि हिरा लहान घ्या.

एकच शब्द, दोन अर्थ

‘कॅरेट’ या शब्दाने पुष्कळ गोंधळ होतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता. 22 कॅरेट म्हणजे 1000 भागांत 916 भाग सोनं, 18 कॅरेट म्हणजे 750 आणि 14 कॅरेट म्हणजे 585. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, आणि त्याचे 100 सेंट होतात. दुकानदार 10 सेंटचा हिरा म्हणाला, तर त्याचं वजन 0.02 ग्रॅम.

हिऱ्याची अंगठी बहुतेक वेळा 18 किंवा 14 कॅरेटमध्ये करतात, कारण 22 कॅरेट सोनं मऊ असतं आणि हिरा घट्ट धरत नाही. यात फसवणूक नाही. मात्र 18 कॅरेटच्या अंगठीला 22 कॅरेटचा भाव लावला, तर ती फसवणूक आहे.

हॉलमार्क वाचायला शिका

अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ 18K750) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक असावाच लागतो. खुणा बारीक असतात, दुकानदाराकडून भिंग मागून घ्या. लाजायचं काही कारण नाही.

मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या आणि त्यात तो क्रमांक टाका. नग कोणता, शुद्धता किती, हॉलमार्क कुठल्या केंद्रात झाला हे दिसतं. हातात अंगठी आहे आणि ॲप कानातलं दाखवतंय, तर खाली ठेवा आणि बाहेर पडा. ॲप जमत नसेल तर गटातल्या सीआरपी ताईला किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सोबत न्या.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. 2 ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि स्वस्त म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पुष्कळ अंगठ्या त्याच वजनाच्या असतात. दुसरं म्हणजे, हॉलमार्क फक्त सोन्याची खात्री देतो. हिऱ्याबद्दल तो काहीही सांगत नाही.

हिरा कोणता?

दुकानात चार प्रकारचे पांढरे खडे भेटतात. खाणीतला नैसर्गिक हिरा. लॅबमध्ये तयार केलेला हिरा, जो खोटा नसतो. तोही कार्बनचाच असतो आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. तो नैसर्गिकपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो, पण विकायला गेलं तर फारसं काही हाती येत नाही. फक्त घालायला हवा असेल तर हा चांगला पर्याय आहे. तिसरा मोइसनाइट आणि चौथा अमेरिकन डायमंड. हे दोन्ही हिरे नव्हेत. पेनासारखं यंत्र लावून ‘बघा, हिरा दाखवतोय’ म्हणतात, त्यावरही विसंबू नका. उष्णता मोजणारं साधं यंत्र मोइसनाइटलाही हिराच समजतं.

म्हणून हिऱ्याचं प्रमाणपत्र मागा. जीआयए, आयजीआय, एसजीएल अशा प्रयोगशाळा ते देतात. त्यात वजन, रंग, स्वच्छता आणि हिरा नैसर्गिक की लॅबमधला हे लिहिलेलं असतं. बिलावरही तसंच लिहून घ्या.

पैसे कुठे वाचतात?

रंग आणि स्वच्छतेच्या सगळ्यात वरच्या प्रतीसाठी पैसे घालू नका. 10 सेंटच्या हिऱ्यातला तो फरक भिंगाशिवाय दिसत नाही. चमक येते ती पैलू नीट पाडल्याने, त्यामुळे तिथे तडजोड नको. 20 सेंटच्या एका हिऱ्यापेक्षा 10 सेंटचे दोन हिरे स्वस्त पडतात, कारण हिरा मोठा होतो तसा त्याचा कॅरेटचा दर चढत जातो. कुडीसारखी सात बारीक हिऱ्यांची अंगठी बोटात मोठी दिसते आणि खर्च आवाक्यात राहतो.

घडणावळीत घासाघीस होते, ती जरूर करा. नक्षी जास्त तेवढी घडणावळ जास्त. आणि मुलीला भांडी, धुणं, शेतातलं काम करायचं असेल, तर बारीक नख्यांनी वर उचलून धरलेला हिरा कपड्यात अडकतो. बंद कोंदणातला हिरा पडायची भीती कमी.

जुना दागिना मोडून अंगठी करणार असाल, तर वजन आणि शुद्धता आपल्यासमोर तपासून घ्या. सोनं वितळवायचं असेल तर तेही समोरच, आणि आधीचं व नंतरचं दोन्ही वजनं कागदावर लिहून घ्या.

दुकानात विचारायचे प्रश्न

1. आजचा 18 कॅरेटचा भाव किती, आणि बिल त्याच भावाने लावणार ना?
2. खडे सोडून निव्वळ सोन्याचं वजन किती? (नगात 0.3 ग्रॅमचे खडे असतील आणि ते सोन्यात धरले, तर वरच्या भावाने 2,250 रुपये जादा जातात.)
3. घडणावळ ग्रॅमवर की टक्क्यावर? घट वेगळी लावता का?
4. परत आणली तर सोन्याचे आणि हिऱ्याचे किती धराल? ते बिलावर लिहून द्याल का?
5. माप मोठं-लहान करायचं झालं तर पैसे लागतील का?

पक्कं बिलच घ्या. ‘कच्च्या चिठ्ठीवर जीएसटी वाचतो’ असं सांगतात, पण मग तक्रारीला काही आधारच राहत नाही. हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. तक्रार बीआयएस केअर ॲपवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर करता येते. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही.

शेवटचं, आणि जरा स्पष्ट बोलते. हौसेने दिलेली अंगठी वेगळी. समोरच्या घरातून ‘हिऱ्याचीच हवी, एवढ्याचीच हवी’ अशी मागणी आली, तर तो हुंडाच आहे आणि 1961च्या कायद्याने तो मागणं गुन्हा आहे. अशा मागणीसाठी गटाचं कर्ज काढण्याआधी विषय ग्रामसंघात बोला. एकटीने व्याह्यांसमोर ‘नाही’ म्हणणं जड जातं, दहाजणी सोबत असल्या की सोपं होतं.

पुढच्या बैठकीत वरचे पाच प्रश्न मोठ्याने वाचा आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या. ज्यांच्या घरी या सराईत साखरपुडा आहे, त्यांनी ते पान दुकानात सोबत न्यावं.