दुखणे सोसायचे की पिशवी काढायची?

आपल्याकडे काही दुखण्यांवर उपचार होतात आणि काही दुखणी केवळ सोसली जातात. पाळीच्या दिवसांत पोटात उठणारी कळ ही दुसऱ्या वर्गात मोडते. ‘सगळ्याच बायकांना होतं, ओव्याचं पाणी घे आणि पडून राहा,’ असे आई मुलीला सांगते. तिला तिच्या आईने हेच सांगितलेले असते. या सांगण्यात माया असते, यात शंका नाही. परंतु सगळ्याच बायकांना सारखेच होते, हे मात्र खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील दर दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीला, म्हणजे जगभरात जवळजवळ १९ कोटी स्त्रियांना व मुलींना, एंडोमेट्रिओसिस हा विकार असतो. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी चार ते बारा वर्षे निघून जातात, असेही हीच संघटना सांगते. ओव्याच्या पाण्यावर काढलेली वर्षे ती हीच.

विकार समजावयास फार कठीण नाही. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, बीजवाहिन्यांवर, क्वचित आतड्यावर वा मूत्राशयावर वाढू लागते. ऋतुचक्राबरोबर तिलाही सूज येते, तीतूनही रक्त पाझरते. परंतु त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. ते साचून अंडाशयात गाठी होतात. जुन्या रक्ताच्या रंगावरून त्यांना डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. पुढे शेजारचे अवयव एकमेकांना चिकटत जातात. अमेरिकन शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात या विकाराची पद्धतशीर मांडणी केली. म्हणजे वैद्यकाला तो ठाऊक होऊन शंभर वर्षे होत आली. आपल्या घराघरांत मात्र त्याला अजून नाव नाही.

प्रस्तुत लेखिकेने हा विकार पुस्तकातून जाणलेला नाही. पंधराव्या वर्षी सुरू झालेल्या दुखण्याचे नाव मला सत्ताविसाव्या वर्षी कळले. त्या वेळी मी साताऱ्यात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवीत होते. फळ्यावर मागणीची वक्ररेषा काढता काढता महिन्यातून दोन दिवस टेबलाचा आधार घ्यावा लागे. तास बुडाला की त्याचे मानधन बुडे. म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन मी वर्गात जात असे. डॉक्टर आधी म्हणाले, ‘लग्न झालं की थांबेल.’ दुसऱ्यांनी त्यात ‘एखादं मूल झालं की’ एवढी भर घातली. अखेर २००५ च्या पावसाळ्यात सोनोग्राफी झाली आणि दोन्ही अंडाशयांत मोठ्या गाठी आढळल्या. त्याच आठवड्यात मला सल्ला मिळाला, ‘पिशवी काढून टाकू, कायमची कटकट मिटेल.’ बारा वर्षे ज्या दुखण्याची कोणी दखल घेतली नव्हती, त्याच्यासाठी आता आठ दिवसांत गर्भाशय द्यावयाचे होते. मी अविवाहित होते. मूल हवे की नको, हा विचारही नीट केलेला नव्हता.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे म्हणून अण्णांनी मला सांगलीस नेले. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडल्यापासून या दोन जुळ्या शहरांकडे शस्त्रक्रियेसाठी जाण्याची आमच्या भागाची रीतच आहे. तेथील शल्यविशारद बाईंनी कागदावर चित्र काढून सारे समजावून दिले. गर्भाशय हे या दुखण्याचे मूळ नव्हे. ते काढले तरी बाहेर पसरलेली ऊती राहिली तर दुखणे राहू शकते. गाठी काढाव्या लागतील, चिकटलेले अवयव सोडवावे लागतील. एखादे अंडाशय जाईल. आतड्याचा तुकडा कापावा लागला, तर काही आठवडे पोटावरील छिद्रातून शौचास होईल. एवढे करूनही विकार पुन्हा उद्भवू शकतो. शेवटी त्या म्हणाल्या, ‘निर्णय तुमचा आहे. पंधरा दिवस घ्या, प्रश्न लिहून आणा.’

मला आश्वासन एकही मिळाले नव्हते, तरी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. भीती कमी झालेली नव्हती. परंतु ती आता कशाची आहे, हे मला कळले होते.

डिसेंबरात शस्त्रक्रिया ठरली. संमतिपत्र आले तेव्हा कारकुनाने ते सवयीने अण्णांपुढे सरकविले. ‘वडिलांची सही लागेल.’ बाईंनी तो कागद उचलून माझ्यापुढे ठेवला. या लहानशा कृतीचे मोल मला पुढे २००८ मध्ये उमगले. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या दिल्लीतील खटल्याचा निकाल त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिला. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीतून तपासणी करवून घेण्यासाठी भूल घेते. विकार एंडोमेट्रिओसिसचाच निघतो. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढली जातात. तपासणीची संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही, आणि सज्ञान, समर्थ स्त्रीच्या वतीने, तिच्या जिवाला तातडीचा धोका नसताना, आईलाही होकार देता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. भरपाई केवळ पंचवीस हजारांची होती. तत्त्व मात्र फार मोठे होते.

माझे एक अंडाशय गेले, गर्भाशय राहिले. आतडे कापावे लागले नाही. दुखणे समूळ गेले, असे मी म्हणणार नाही. परंतु ते आटोक्यात आले. दोन महिने तास बुडाले आणि तेवढे मानधनही. रुग्णालयाच्या खिडकीतून उसाच्या बैलगाड्या दिसत. त्यांच्यावर डोक्याला फडके बांधून बसलेल्या बायकांचा माझ्या दुखण्याशी काही संबंध असेल, असे तेव्हा मनात आले नाही.

तो संबंध २०१९ मध्ये ध्यानात आला. बीड जिल्ह्यातून दर हंगामात सांगली-साताऱ्याच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न त्या वर्षी विधिमंडळात गाजला. बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे शासनाने सांगितले. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहांमध्ये सुमारे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. दोन्ही पाहण्यांची रचना भिन्न असल्याने तुलना तंतोतंत नव्हे. तरीही एवढी तफावत केवळ रोगाने पडत नाही. नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि एक दिवस चुकला की पडणारा खाडा, हे यामागील अर्थकारण आहे. पाळी, पांढरे जाणे, पोटदुखी, साऱ्यांवर एकच उपाय सांगितला जातो: पिशवी काढा. त्यासोबत अंडाशयेही गेली, तर ऐन तिशीत हाडे ठिसूळ होऊ लागतात, याची कल्पना तिला कोणी देत नाही.

तासिका तत्त्वावरील अध्यापिका आणि फडावरील मजूर स्त्री यांची परिस्थिती सारखी आहे, असा दावा मी करणार नाही. माझ्याजवळ शिक्षण होते, पाठीशी वडील होते, दुसरे मत घेण्यापुरते पैसे होते. तथापि एकीच्या बाबतीत बारा वर्षांचा विलंब आणि दुसरीच्या बाबतीत आठ दिवसांची घाई, ही मला एकाच दुर्लक्षाची दोन रूपे वाटतात. दुखणे नेमके कोठे, केव्हापासून आणि किती, हे दोघींनाही कोणी स्वस्थपणे विचारीत नाही. खाडा मांडला जातो, बुडालेला तास मांडला जातो. दुखणे मात्र कोणत्याही वहीत मांडले जात नाही.

शासन व न्यायालये यांनी काही पावले टाकली आहेत. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. बिहारने १९९२ पासून सरकारी नोकरीतील स्त्रियांना महिन्यात दोन दिवसांची रजा दिली आहे. परंतु जिला मुळात रजाच नाही, तिला अशा तरतुदीचा उपयोग काय? तासावर आणि कोयत्यावर राबणाऱ्या स्त्रीच्या आजारपणाचे दिवस भरून देण्याची सोय झाल्याखेरीज तिचा निर्णय खऱ्या अर्थाने तिचा होणार नाही. संमतिपत्र मराठीत असावे, ते तिला वाचून दाखवावे, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर विचाराला अवधी द्यावा, ही मागणीही खर्चिक नाही.

या पानाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, आणि हजेरीपट त्यांच्याच हाती असतो. एखादी मुलगी दर महिन्याला त्याच सुमारास दोन दिवस गैरहजर दिसली, तर शाळेतील बाईंनी तिला एकदा जवळ बोलावून विचारावे, आणि तिच्या आईला डॉक्टरकडे जाण्यास सांगावे. मला पंधराव्या वर्षी कोणी असे विचारले असते, तर सत्ताविसाव्या वर्षी तो कागद माझ्यापुढे कदाचित आलाच नसता.