पियानोचा सोनाटा व आपली बाजाची पेटी

गुलमंडीच्या बाजूस सायंकाळीं भजनाची पेटी ऐकूं आली, तर तिचें मूळ युरोपांत आहे हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. अलेक्झांडर दबें यानें १८४२ सालीं पॅरिस येथें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें तें वाद्य हिंदुस्थानांत आलें, मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठीं त्याची हातपेटी झाली, आणि भजन, कीर्तन व संगीत नाटक यांत ती रुळून गेली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं तर तिला मैफलींत मान मिळवून दिला. तथापि जी सुरांची पट्टी आपण गायकाच्या साथीस घेतों, तीच पट्टी पाश्चात्यांनीं एका निराळ्याच कामीं लाविली. तें काम कोणतें हें समजल्यावांचून त्यांचें संगीत आपल्या कानास नुसता गलबला वाटतें. म्हणून हायडन (१७३२–१८०९), मोत्सार्ट (१७५६–१७९१) व बेथोव्हेन (१७७०–१८२७) यांच्या हातीं पूर्णत्वास गेलेल्या ‘सोनाटा’ नामक रचनेची ओळख पेटीच्याच आधारें करून घेऊं.

आपल्या गायनांत षड्ज अचल असतो. तंबोरा तो अखंड सांगत असतो, व गवई रागविस्तार करीत कितीही दूर गेला तरी त्याच्या पायांखालची भूमि हलत नाहीं. पाश्चात्य संगीतांत स्वर एकामागून एक येतात तसेच एकाच वेळीं अनेक मिळूनही येतात. ह्या मेळास ते ‘हार्मनी’ म्हणतात. पेटीवर सा, ग, प हे तीन स्वर एकदम दाबून पाहावे. कानास विश्रांति वाटते. मग प, नी व वरचा रे एकदम दाबावे. आतां मन थोडें अस्वस्थ होतें. कारण नी हा वरच्या षड्जापासून अर्ध्याच सुरावर असून तिकडे जाण्यास उत्सुक असतो. पुन्हा सा, ग, प दाबतांच ती उत्सुकता शांत होते. ओढ व विश्रांति यांचा हा जो खेळ, त्यावरच सोनाट्याची सारी इमारत उभी आहे.

उदाहरणार्थ मोत्सार्टचा एक लहान सोनाटा घेऊं. तो त्यानें १७८८ सालीं रचिला व आपल्या यादींत नवशिक्यांसाठीं म्हणून नोंदविला. त्याचा पहिला भाग ७३ मात्राखंडांचा आहे. आरंभीं पांढरी एक हा षड्ज आहे. डावा हात सा, प, ग, प असे मेळाचे स्वर सुटे करून झुळझुळ वाजवितो, व उजव्या हातांत सरळ, प्रसन्न अशी पहिली चीज येते. थोड्याच वेळांत काळी तीन वाजूं लागते. आपला कान म्हणेल, हा तीव्र मध्यम लागला. बिलावलांतून आपण कल्याणांत आलों. परंतु डाव्या हाताकडे लक्ष द्यावें. तेथें आतां पांढरी पाच हीच षड्ज झाली आहे, व काळी तीन हा त्या नव्या षड्जाचा निषाद आहे! ह्या नव्या घरीं दुसरी चीज येते आणि २८ व्या खंडास पहिलें प्रकरण तेथेंच संपतें. म्हणजे ऐकणारास स्वगृहाबाहेर नेऊन उभें केलें आहे.

दुसरें प्रकरण अवघ्या १३ खंडांचें. पांढरी पाच हाच षड्ज ठेवून त्याचा गंधार कोमल होतो, आणि प्रसन्न मुद्रेवर एकाएकीं छाया पडते. तेथून रचना पांढरी दोनकडे व पुढें भटकते. कोठेंच स्थिर होत नाहीं. ही अस्थिरता हेतुपूर्वक आहे, कारण दूर गेल्यावांचून परत येण्याचा आनंद नाहीं.

तिसऱ्या प्रकरणांत पहिली चीज परत येते. सामान्य रीत अशी कीं, ती मूळ षड्जांतच यावी. मोत्सार्ट मात्र येथें ती पांढरी चारवर आणतो. पूर्वीं सा पासून प पर्यंत जितकी चढण होती, तितकीच म पासून वरच्या सा पर्यंत आहे. म्हणून तीच वाट चालून ह्या खेपेस आपण घरीं पोंचतों. दुसरी चीज, जी प्रथम परक्या घरीं ऐकिली होती, ती आतां पांढरी एकच्या षड्जांत येते. सोनाट्याचें मर्म तें हेंच. आपण तबल्याच्या आवर्तनांत समेची वाट पाहतों, तशी येथें षड्जाच्या परतीची वाट पाहावयाची असते. परंतु ही सम पुष्कळ लांबवर ठेविलेली असते.

पुढें बेथोव्हेननें हें अंतर आणखी वाढविलें. १८०३–०४ च्या सुमारास रचिलेल्या त्याच्या ‘वाल्डश्टाइन’ सोनाट्यांत पांढरी एकवरून निघून दुसरी चीज पांढरी पाचवर न येतां पांढरी तीनवर येते. साचा तोच, पण मुक्काम अनपेक्षित.

ह्या प्रवासाची किंमत मात्र मोजावी लागते. कोणत्याही पट्टीस षड्ज करतां यावा म्हणून सप्तकाचे बारा स्वर थोडेथोडे सरकवून जुळवावे लागतात. मोत्सार्टच्या काळीं हीं अंतरें आजच्यासारखीं समसमान नव्हतीं. पण आजच्या पियानोचा गंधार तंबोऱ्यांत ऐकूं येणाऱ्या शुद्ध गंधाराहून किंचित् चढाच असतो. आपल्या जाणत्यांस पेटीचा हाच दोष खटकला. शिवाय तीवर मींड निघत नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० सालीं त्यावर इंग्रजी ग्रंथ लिहिला, व क्लेमेंट्स नामक अधिकाऱ्याच्या साह्यानें श्रुतींची पेटी घडविण्याचा यत्न केला. १९४० सालीं तर आकाशवाणीनें पेटीस बंदी केली. ती १९७१ पर्यंत सैल झाली नाहीं.

तात्पर्य, दोष कोणत्या वाद्याचा हा प्रश्न एकट्यानें सुटत नाहीं. त्याच्याकडून काय हवें आहे हें आधीं विचारावें लागतें. आपण षड्ज स्थिर ठेवून श्रुतींची सूक्ष्मता मिळविली. त्यांनीं ती सूक्ष्मता कांहींशी सोडून षड्जास फिरविण्याची मोकळीक मिळविली. विद्यार्थिमित्रांनीं पेटीवर पांढरी एक व पांढरी पाच आळीपाळीनें षड्ज करून एखादें साधें पद वाजवून पाहावें. काळी तीन कोठें लागते हें ज्याच्या बोटांस एकदां कळलें, त्यास मोत्सार्टचा सोनाटा ऐकतांना वाट चुकल्यासारखें वाटणार नाहीं.