मामांचा आहेर

बारशाला मामानें काय आणावें, हें आपल्याकडे ठरलेलें आहे: वाळे, कुंची, झबलें, फार झालें तर चांदीची वाटी. आमच्या परिचयाच्या एका घरीं मात्र बारा दिवसांच्या कन्येला तिच्या मामांनीं 'गीतारहस्य' दिलें! लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला व १९१५ सालीं प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ पाळण्याशेजारीं ठेवला, तेव्हां त्याची जाडी पाहून आजीबाई एवढेंच म्हणाल्या, "याचे वाळे होतात का?"

पुढें हा क्रम चालूच राहिला. उष्टावणाच्या दिवशीं, तोंडांत एकहि दात नसतां, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. पहिल्या वाढदिवसाला, अवघे दोन शब्द येत असतां, मोरो केशव दामले यांचें १९११ सालचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलें. मामांना विचारावें तर ते शांतपणें सांगतात, "चित्रांचीं पुस्तकें ती दोन वर्षांत फाडील. हीं फाडावयास तिला वीस वर्षें लागतील."

मामांना हंसणें सोपें आहे. पण पूर्वीं आपल्या घरांतून सात-आठ वर्षांच्या मुलांकडून अमरकोश पाठ करून घेत, तेव्हां त्यांना त्याचा अर्थ कळतो असें कोणीहि समजत नसे. शब्द आधीं, अर्थ मागाहून, अशीच ती रीत होती. फरक इतकाच कीं, अमरकोश तोंडांत बसे. मामांचे ग्रंथ कपाटांत बसतात. सोबत एखादी सचित्र इसापनीति आणण्यास कांहीं हरकत नव्हती, असें आमचें प्रामाणिक मत आहे.

तथापि 'कपाटांत बसतात' हेंहि सर्वस्वीं खरें नाहीं. पुस्तकाला पाय लागला कीं नमस्कार करावयाचा, हें आजीबाईंनीं शिकविलें. तें नातीला इतकें आवडलें कीं, ती 'गीतारहस्या'ला मुद्दाम पाय लावून नमस्कार करते. दर रविवारीं मामा तिला मांडीवर घेऊन दामल्यांचें पुस्तक उघडतात आणि विभक्तींचे प्रत्यय तालावर म्हणूं लागतात. 'स, ला, ते. स, ला, ना, ते' येथवर आले कीं ती खदखदून हंसते. आतां तिसऱ्या वर्षीं ती 'दूधसलाते' मागते, मांजरीला 'मनीसलाते' अशी हांक मारते. ही द्वितीया समजावी कीं चतुर्थी, हें आम्हांला सांगतां येत नाहीं. परंतु शब्दाला शेपूट लागतें, एवढें व्याकरण तिला कळलें आहे हें खास.

मामांनीं लग्न केलें नाहीं. साठी उलटून गेली आहे. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते आशीर्वाद लिहितात व खालीं तारीख घालतात. ती पुस्तक दिल्याची नव्हे, तें वाचावयास घेण्याची. 'गीतारहस्या'वर भाचीच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख आहे. ती प्रथम नजरेस पडली तेव्हां आजीबाईंनीं बोटांवर मामांचें वय मोजलें, आणि वाळ्यांचा विषय पुन्हां काढला नाहीं.

यंदाच्या दिवाळीस काय येणार, कोण जाणे. कपाटाचा एक खण त्यांनीं स्वतः रिकामा करून ठेवला आहे.