मोह : एका शब्दावरील दोषारोप

'मोहाची दारू' या शब्दप्रयोगातील 'मोह' म्हणजे भुरळ, असा अर्थ सहज लावला जातो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो टिकत नाही. वृक्षवाचक 'मोह' संस्कृत 'मधूक', प्राकृत 'महुअ' या मार्गाने मराठीत आला. भ्रांतिवाचक 'मोह' 'मुह्' या धातूपासून झाला. एकाच्या मुळाशी गोडवा आहे, दुसऱ्याच्या मुळाशी भूल. उच्चार एक झाला आणि फुलाला नीतीचा डाग लागला.

प्राचीन काव्याला हा डाग ठाऊक नाही. 'गाथासप्तशती'तील नायिका गोदातटीच्या मोहाला फुले सावकाश गाळण्याची विनवणी करते. फुले संपली की ती वेचण्याचे, म्हणजेच प्रियकराला भेटण्याचे, निमित्त संपणार असते. 'रघुवंशा'त विदर्भकन्या इंदुमतीची स्वयंवरातील माळ दूर्वायुक्त मोहफुलांची आहे. चरकाने पुष्पासवांत मधूकाची गणना केली आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथील वाकाटक नृपती सर्वसेन याचे 'हरिविजय' हे प्राकृत महाकाव्य आज लुप्त आहे. परंतु अलंकारग्रंथांतील उल्लेखांवरून त्यात ऋतू, सूर्यास्त यांच्या जोडीने पानगोष्ठीचेही वर्णन होते, असे दिसते. (ते मद्य मोहाचेच होते, असे मात्र म्हणता येत नाही.) पुढे दंडीनेही मधुपान हा महाकाव्याचा वर्ण्यविषय मानला.

पहाटे गळालेली फुले वाळवावयाची, पाण्यात आंबवावयाची, मडक्यात उकळून वाफ थंड करावयाची, एवढीच ही कृती. मराठीतील 'पहिल्या धारेची' हा वाक्प्रयोग हातभट्टीनेच दिला. या फुलाकडे गुन्ह्याचे साधन म्हणून पाहणे ही अबकारी राजवटीची देणगी होय. मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने खुद्द मोहफुलांवरच नियंत्रण आले. वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हता.

युरोपातील ॲबसिंथची कथा उलट दिशेने जाते. कडू दवण्याच्या जातीच्या वनस्पतीवरून नाव पडलेले हे हिरवे मद्य साखरेवरून थेंबथेंब पाणी सोडून पीत. कवी-चित्रकारांनी त्याला वलय दिले. १९०५ मध्ये एका स्विस मजुराने कुटुंबहत्या केली. त्या दिवशी त्याने वाईनही भरपूर घेतली होती. दोष मात्र ॲबसिंथवर आला. स्वित्झर्लंडमध्ये १९१० पासून, फ्रान्समध्ये १९१५ मध्ये बंदी आली. स्वित्झर्लंडने ती २००५ मध्ये उठवली.

मोहाच्या वाट्याला असे वलय आले नाही. गोंड समाजात मात्र विवाहादी प्रसंगी हे मद्य आजही देवाला वाहिले जाते. त्या परिसरातील कवितेत 'मोह' आढळला, तर तो दोहोंपैकी कोणता, हे अर्थ लावण्यापूर्वीच ठरवावे लागते.