तुरटी किती?

पावसाळ्यात हंड्यातल्या गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवायचा. किती फेरे, हे घरातल्या बाईच्या हाताला ठाऊक असे. काही घरांत निवळीची बी उगाळत. मुंबईच्या भांडुप जलशुद्धीकरण संकुलात तेच काम रोज २८१ कोटी लिटर पाण्यावर चालतं: जुन्या केंद्रात १९१ कोटी, नव्यात ९० कोटी. इथं नव्यानं येणाऱ्या ऑपरेटरपुढचा पहिला प्रश्नही तोच. किती?

उत्तर जार टेस्टमध्ये मिळतं. वैतरणा-तानसा तलावांचं, नळांतून उतारानं आलेलं कच्चं पाणी सहा भांड्यांत घ्यायचं आणि प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत न्यायची. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश. मातीच्या बारीक कणांवर ऋणभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दिवसभर ठेवलं तरी तळाशी बसत नाहीत. तुरटी तो भार मोडते. कण चिकटतात, पुंजके धरतात. यालाच फ्लॉक म्हणायचं. ढवळणं थांबलं की नजर हलवायची नाही: कुठल्या भांड्यात फ्लॉक लवकर बसला, वरचं पाणी कुठं निवळलं? तुरटी जास्त झाली तर कणांवर उलटा भार चढतो, ते पुन्हा विखुरतात, आणि पाण्याचा पीएचही घसरतो.

शिकणाऱ्याला वाटतं, जूनमधलं लाल पाणी सर्वांत कठीण. मला मात्र उन्हाळ्यातलं जवळजवळ नितळ पाणी जास्त अवघड वाटतं. त्यात कणच इतके विरळ की एकमेकांना भेटत नाहीत, आणि फ्लॉक धरत नाही.

पुढं वाळूचे फिल्टर. वाळू चोंदली की उलट्या दिशेनं हवा आणि पाणी सोडून ती धुवायची. धुतल्यानंतरचं पहिलं पाणी गढूळ निघतं, त्यावर विशेष लक्ष हवं.

जंतू मारणाऱ्या क्लोरीनशी गाठ पडते तेव्हा शिकवणं कडक होतं. टोनरमध्ये, म्हणजे वायूच्या मोठ्या टाकीत, सुमारे ९०० किलो वायू. गळतीचा संशय आला तर अमोनियात भिजवलेला बोळा सांध्याजवळ न्यायचा. पांढरा धूर उठला की गळती नक्की. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, म्हणून पळायचं ते वाऱ्याला आडवं आणि उंचावर.

१८ जुलै २०२१ला अतिवृष्टीचं पाणी या संकुलातच शिरलं आणि विद्युत यंत्रणा बंद ठेवावी लागली. उपनगरांचा पाणीपुरवठा अडला, पाणी उकळून प्या असं सांगावं लागलं. ज्यांनी ती यंत्रणा पुन्हा उभी केली, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

मुंबईत पाणी ठरावीक वेळी येतं. बाकीचे तास नळ रिकामे असतात, आणि फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. म्हणून पाण्यासोबत थोडा क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत उरायला हवा, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. घाटकोपरच्या टेकडीवरच्या नळाखाली नळी धरायची, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, आणि फिकट पिवळा रंग चढतो का ते पाहायचं.